वीस टाके

काळजाची धडधड सुटली की मावशी आधी पायमशीन थांबवायची, सुई वर घ्यायची, कापडाची घडी घालायची आणि मगच म्हणायची, "ठमे, सुटलं गं घोडं."

बायकांचे कपडे शिवायचं तिचं दुकान एवढंसं. मशीन, कापायचं टेबल आणि मापं घ्यायला पडद्याआड कोपरा. मी तिची भाची. तिशी उलटली होती माझी, पण उसवायचं आणि काजं करायचं याच्यापुढे तिनं मला जाऊ दिलं नव्हतं.

घोडं सुटलं की ती पडद्याआड जाऊन श्वास कोंडून कुंथायची. डॉक्टरीणबाईंनीच शिकवलेलं, निम्म्या वेळा तेवढ्यानं ठोके ताळ्यावर यायचे. शेजारचा इस्त्रीवाला हमखास ओरडायचा, "ताई, मुलगा झाला की मुलगी?"

"तुझ्यासारखं होऊ नये म्हणून कोंडून धरलंय मेल्या!"

कुंथून भागलं नाही की दवाखाना. तिथं दोन इंजेक्शनं. एक झटक्याचं. काळीज क्षणभर थांबवायचं आणि पुन्हा चालू करायचं. मावशीनं ते एकदाच घेतलं होतं. "मेले होते गं मी. छातीवर धोंडा ठेवला कुणीतरी आणि आतला दिवा फुंकला," असं ती हातातला खडू खाली ठेवून सांगायची. दुसरं सावकाशीचं. हळूहळू टोचायचे, ठोके उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागायची, बीपीही उतरायचं आणि मावशी दुपारभर तिथंच लोळायची.

"गुण दोन्हींचा जवळजवळ सारखाच," डॉक्टरीणबाई सांगायच्या. "एकाचा त्रास मोठा, पण क्षणाचा. दुसऱ्याचा लहान, पण लांबतो."

"मग लांबणाराच द्या बाई. मला कुठं गाडी गाठायचीय?"

इतकी वर्षं तिनं ते झटक्याचं टाळलं. पुढं रोजची एक गोळीही लागली. सावकाशीच्या इंजेक्शनातलंच औषध, पण पोटात दिवसभर हळूहळू सुटणारं. कापायची नाही, चावायची नाही, असं बजावून दिलेली.

पण शिंपिणीला कापू नको म्हणून कसं चालेल? एका सकाळी घोडं सुटलं, कुंथून थांबेना आणि दवाखान्यात जायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "अख्खी दिवसभर विरघळते ना? मग बारीक केली की लवकर विरघळेल." मी काजाची सुई खाली ठेवेपर्यंत तिनं कापडाच्या कात्रीनं दोन गोळ्यांचे तुकडे करून गिळलेही.

तासाभरानंतरही घोडं पळतच होतं आणि मावशीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी आणि इस्त्रीवाल्यानं तिला उचलून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं. "गोळी किती घेतलीत?"

मीच सांगितलं.

"मग आता सावकाशीचं देता येणार नाही. तेच औषध तुम्ही एकदम पोटात ओतलंय, बीपी आणखी घसरेल. झटक्याचंच द्यावं लागेल."

मावशीचे ओठ पांढरे पडले. "माझीच कात्री आणि माझंच कापड," ती पुटपुटली. मग म्हणाली, "बाई, किती वेळ मरायचं?"

"सहा-सात सेकंद."

"ठमे, म्हणजे टाके किती?"

तिचा संथ पाय मला पाठ होता. "वीस."

"मोज मग."

सुई टोचली, मागोमाग मिठाचं पाणी जोरानं ढकललं आणि बाईंनी तिचा हात वर धरला. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर मी बोटानं टाके घालू लागले. एक, दोन, तीन. तिचा चेहरा लालबुंद झाला, बोटं माझ्या मनगटात रुतली. मॉनिटरवरची धावती रेघ आडवी पडली. अकरा, बारा. चौदाव्याला एक टोक वर आलं. मग दुसरं. मग एकामागून एक, सारख्या अंतरावर.

तिनं डोळे उघडले. "वीस म्हणाली होतीस. सहा टाके खाल्लेस की."

त्यानंतर घाबरलेला कुणी पेशंट आला की डॉक्टरीणबाई मावशीला बोलावणं धाडायच्या. काही होत नाही, असं ती कुणाला कधीच म्हणाली नाही. म्हणायची, "मेल्यासारखं वाटेल. वीस टाके फक्त. मोजायला मी आहे." आणि तळवा हातात घ्यायची. दुकानात परतल्यावर त्याच बोटांनी सुईत दोरा ओवायची, पहिल्या फटक्यात.

मावशी जाऊन सहा वर्षं झाली. मशीन माझ्याकडं आहे. पायाखालची पट्टी तिच्या टाचांनी जिथं झिजलीय, तिथं माझे पाय अजून नीट बसत नाहीत.

गेल्या महिन्यात इस्त्रीवाल्याचं घोडं सुटलं, मीच त्याला दवाखान्यात नेलं. म्हातारा झालाय आता. सुई बघितल्यावर म्हणाला, "ताई हवी होती गं." मी त्याचा तळवा घेतला. चटक्यांनी निबर झालेला. टाके जोरानंच घालावे लागले. सतराव्याला त्यानं डोळे उघडले आणि रडायलाच लागला.

मी त्याचा तळवा तसाच धरून ठेवला. विचारलं, "काका, मुलगा झाला की मुलगी?"