वहाळापलीकडची ओ

मी मुंबईला निघालो तेव्हा आई फाट्यापर्यंत आली नाही. एसटी सुटताना तिने घरापुढच्या खळ्यातूनच कुकारा घातला, "कूऽऽ!" मीही दारात लटकून तशीच ओ दिली. कंडक्टर हसला. आमच्याकडे घरं लांब लांब. दिवेलागणीला एकाने साद घालायची, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्याने ओ द्यायची. ओ आली की पलीकडे सगळं ठीक.

आता दहिसरच्या सोसायटीत कुणी विचारलं, "तुमचं गाव कसं आहे हो?" की मी गुरुजींसारखा सुरू होतो. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला खाडी, मध्ये कातळ आणि काजू. तीन वाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत. ग्रामसभेला कोरम भरत नाही, कारण मतदार सगळे बोरिवली-दहिसरात. पोरं नाहीत म्हणून शाळेला कुलूप. लोकसंख्येशी आलो की मात्र जीभ अडखळते. गणपतीत मोजाल तर वाडी फुललेली. विसर्जनानंतर मोजाल तर आई, आणि वहाळापलीकडची सखूकाकी.

मला भीती वाटते. आई शेवाळावरून घसरली तर? परवा बिबट्याने खळ्यातून कुत्रा उचलला. इकडे ये म्हणून जंग जंग पछाडलं, पण तिचं एकच, "सखू आसा मा! तिची ओ येता तवसर माका कसली भीती?" म्हणून रोज संध्याकाळी मी फोनवर तेवढंच विचारतो. सखूची ओ आली ना, मग माझ्या घशाखाली घास उतरतो.

काल दिवे लागले तेव्हा लेकीला गंमत म्हणून गॅलरीतून कुकारा घालून दाखवला. समोरच्या विंगमधून ओ आली. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. धावत गेलो, तर सखूकाकी नुकत्याच इथे राहायला आलेल्या भाच्याच्या घरी खिडकीत बसलेली.

"गुडघे गेले रे, बाबू. गणपती झाल्यार भाच्यान माका हंय मुंबयक हाडल्यान. तुझ्या आवशीन सांगूक नाय तुका?"

तिथूनच आईला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आये, सखूची ओ इली?"

"इली तर! आत्ताच इली," आई म्हणाली. "तू जेव जा."

इथला फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण माझं घर तिथे आहे, जिथे आई रोज रिकाम्या वहाळाकडे तोंड करून साद घालते आणि मला सांगते, ओ आली.