वाडग्याच्या दारात टांगलेला साबण

डॉक्टर मॅडम रिपोर्टचा कागद घेऊन खाटेजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, जंतू सापडला. कॅम्पायलोबॅक्टर नाव त्याचं. जनावरांच्या आतड्यात असतो, तिथून माणसाच्या पोटात येतो."

नाव मला कळलं नाही. परत विचारायचं बळ नव्हतं. पण जनावर म्हटलेलं ऐकू आलं, आणि मी आधी पोराच्या तोंडाकडं बघितलं.

माझा पोरगा बिरू चिंचोळी एमआयडीसीत कंपनीत कामाला आहे, राहायला सोलापुरात. मेंढरं विका म्हणून तो किती वर्षं माझ्या मागं लागलाय. मी विकत नव्हतो. आता डॉक्टरनीच त्याच्या हातात कागद दिल्यासारखं झालं. तो भिंतीला टेकून उभा होता. मॅडमना म्हणाला, "माझी पोरगी सुट्टीत गावाकडं कोकरातच असती. च्यार वर्साची हाय. तिला झालं तर?"

"लहान मुलांच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. जपायला हवं," मॅडम म्हणाल्या.

मग बिरू माझ्याकडं वळला. "आण्णा, एक ठरवा. मेंढरं तरी ठेवा, न्हायतर नातीला तरी बोलवा. दोनी जमायचं न्हाय."

मी तोंड भिंतीकडं केलं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही. पण ज्यांच्या दारात मेंढरं, शेरडं, गाई, कोंबड्या आहेत त्यांनी हे वाचावं म्हणून बसलोय. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते मात्र विचारू नका.

सुरुवात पोटात कळ येण्यापासून झाली. मेंढ्या विण्याचे दिवस होते. दोनतीन कोकरांना हगवण लागलेली. त्यांच्या तोंडात बोट घालून औषध चाटवायचं, मागचं अंग पुसायचं, हात धोतराला पुसायचा आणि भाकरीला बसायचं. एखादं कोकरू जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढून तोंडानं फुंकायचं. शेरडाची, म्हणजे शेळीची, धार तर मी थेट तोंडात घ्यायचो. निरसं दूध, म्हणजे न उकळलेलं. माझा बाप असंच करायचा, आजा असंच करायचा. उकळलेलं दूध आजाऱ्यानं प्यावं, असं मी चारचौघांत म्हणत होतो.

कळ आली, मग ताप, मग जुलाब. दुसऱ्या दिवशी रक्त पडायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. फरक पडला नाही. मी तरी मेंढरामागं जात होतो. एका बांधावर बसलो तो उठताच येईना. तिथून बिरूनं गाडी करून सोलापूरला नेलं.

दवाखान्यात रक्त घेतलं. क्रिएटिनिन वाढलंय म्हणाले. म्हणजे अंगातलं पाणी गेलं की किडनीवर ताण येतो, तो त्यात कळतो. मग सिस्टरनं एक झाकणाची डबी दिली. "आजोबा, स्टूल कल्चर करायचंय. यात थोडी संडास द्या." स्टूल कल्चर म्हणजे संडासातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात, आणि कुठल्या औषधानं तो मरतो ते शोधतात.

सिस्टर माझ्या पोरापेक्षाही लहान म्हणावी अशी पोर. तिच्या हातात मी हे द्यायचं? मी डबी उशाच्या कपाटामागं ढकलली. ती परत आली की म्हणायचो, "अजून झाली न्हाय." होत तर दर तासाला होतं. तिलाही ते कळत असणार. सलाईन बदलून जायची. ताप उतरत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, जंतू कुठला ते कळल्याशिवाय मी अंदाजानंच औषध देतेय." मी म्हणालो, "द्या की अंदाजानं."

माझी कारभारीण सुंदरा खाटेखाली चटई टाकून असायची. मेंढरं तिच्या भावावर सोडून आली होती. कपाट पुसताना तिला मागं डबी सापडली. तिनं ती माझ्या डोळ्यासमोर धरली.

"ही काय हाय?"

मी चादर तोंडावर ओढली.

"अवो, रोज सकाळी उठून वाडग्यात काय बघता तुमी? लेंडी बघता न्हवं? कुणाची पातळ, कुणाची वली, हातात घेऊन, फोडून बघता. लेंडी बघितल्याबिगर मेंढराचं दुकनं कळत न्हाय म्हणून सगळ्या गावाला शिकवता. आन तुमचीच तेवढी सोन्याची हाय व्हय?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस पोट धरून हसला. त्याचं कालच ऑपरेशन झालेलं, हसता हसता कण्हला. "मावशी, नका ओ, टाके तुटतील."

मला राग आला. पण वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणात, मी पन्नासएक वर्षं तेच करत आलोय. एखादी मेंढी लेंडी बघू देत नाही म्हणाली असती तर मी तिला काय म्हणालो असतो? डबी घेऊन संडासात गेलो. परत येताना भिंत धरून आलो. सिस्टरनं डबी घेतली, झाकण बघितलं, नाव चिकटवलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं. मी लेंडी बघतो तेव्हा माझ्या तोंडावर तरी काय असतं?

वाट बघण्यात दिवस गेले. दवाखान्यातली वाट बघणं चालण्यापेक्षा दमवतं. मग सुरुवातीला सांगितलेला तो कागद आला. आधीचं औषध त्या जंतूला लागूच पडत नव्हतं. ते बदललं. ताप दोन दिवसांत उतरला.

सोडायच्या दिवशी बिरूनं मॅडमना सरळ विचारलं, "विकू न्हवं मेंढरं?"

"मी विका म्हणाले का? जनावराला हात लावला की साबणानं हात धुवायचे. दूध उकळायचं. हगवणीचं कोकरू वेगळं बांधायचं, आणि पोरीला त्याच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. तोंडानं फुंकणं बंद. एवढं केलं तर ठेवा."

"त्ये ऐकणार न्हाईत मॅडम. जल्मात कुणाचं ऐकलं न्हाय."

मला ते लागलं. खरं असेल तर जास्तच लागतं.

घरी आलो, पण पाय माझे राहिले नव्हते. वाडग्यापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे मध्ये एकदा बसावं लागायचं. मेव्हणा मेंढरं चारून आणायचा, मी खाटेवरून मोजायचो. ड्रमला तोटी बसवून घेतली, वाडग्याच्या दारात ठेवला. साबण ठेवला तर कावळ्यानं नेला. दुसरा ठेवला, तोही नेला. शेवटी बिरूच्या जुन्या मोज्यात घालून खांबाला टांगला. तसाच चोळायचा.

उकळलेलं दूध मला आजही आवडत नाही. पितो.

बिरू सुट्टीच्या दिवशी यायचा. एकटाच. नात कुठं म्हटलं की म्हणायचा, "झोपलीय." भर दुपारी कुठली झोपती? मी पुढं विचारत नव्हतो. मेंढराचा व्यापारी एकदा दारावरून गेला, मी त्याला थांबवलं नाही, पण हाकललंही नाही. इतका दमलो होतो.

मग एक दिवस एक मेंढी अवघडली. कोकरू निघालं, पण हालचाल नाही. तोंड खाली नेत होतो, सवयीनं. थांबलो. मागचे पाय धरून त्याला झोका दिला, घोंगड्याच्या तुकड्यानं खसाखसा चोळलं. बराच वेळ काही नाही. मग ते शिंकलं. मी त्याला आईजवळ सरकवलं, बाहेर आलो, मोजा ओला केला आणि कोपरापर्यंत हात धुतले. दम लागला म्हणून ड्रमजवळच खाली बसलो.

"लई येळ झाला, उभा हाय मी हितं," मागून बिरू म्हणाला.

वळून बघितलं. बाभळीखाली त्याची मोटारसायकल उभी होती आणि तिच्या टाकीवर माझी नात कार्तिकी बसली होती.

"आबा, कोकरू मेलं का?"

"न्हाय गं. शिंकलंय."

बिरूनं तिला खाली उतरवलं. मला वाटलं, घराकडं नेतोय. त्यानं ड्रमला हात लावून बघितला. "पाणी हाय न्हवं, आण्णा?"

"हाय की."

तो तिला घेऊन तोटीपाशी बसला. "लांबनंच बघायचं. हात लावलास तर परत हितं येऊन हात धुवायचं, आबांनी धुतलं तसं. समजलं?" तिनं मान हलवली आणि वाडग्याकडं पळाली.

मॅडमचे, त्या सिस्टरचे, आणि खाटेखाली झोपलेल्या माझ्या कारभारणीचे उपकार आहेत. तेव्हा मात्र मी नुसता बसून राहिलो. उठायला बिरूनं हात दिला. माझा हात ओलाच होता.