औटकी न येणारे रामहरी मास्तर

रामहरी मास्तरांना नोकरी लागली ती अक्षरावर. निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे पंचवीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे पंधराच्या सुमारास त्यांनी बीडच्या कचेरीत अर्ज दिला. मोडी चांगली येते, उर्दू कामापुरती येते, गणितात मात्र कच्चा आहे, असं त्यात खरंखरं लिहिलं होतं. कारकुनानं अर्ज वाचला नाही, नुसता पाहिला. एवढं वळणदार अक्षर आपण पाहिलं नाही, म्हणून त्यानं तो वर पाठवला. वरच्यांनीही पाहिला. महिन्याभरात मास्तर आणि त्यांची बायको साखराबाई दिंद्रुडच्या पलीकडच्या एका खेड्यात बिऱ्हाड घेऊन हजर झाले.

शाळा मारुतीच्या पडवीत, पोरं एकोणीस. मास्तरांना तीसपर्यंत पाढे येत, पण औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्यांना लहानपणापासून चकवत आला होता. तिसऱ्याच दिवशी बंकट नावाच्या पोरानं पाटी पुढं धरली. सात औटे साडेचोवीस, बरोबर हाय का, असं विचारलं. मास्तरांना ठाऊक नव्हतं. हो म्हणायची भीती वाटली, नाही म्हणायचीही वाटली.

"तू कसं केलंस ते सांग," ते म्हणाले.

बंकटनं सांगितलं. सात त्रिक एकवीस, सातचं निम्मं साडेतीन, दोन्ही मिळवले. मास्तरांना पटल्यासारखं झालं, पण खात्री होईना, म्हणून त्यांनी शेजारच्या सटवाला विचारलं. सटवाचं उत्तर निराळंच होतं. दोघं हमरीतुमरीवर आले, बाकीचे त्यात पडले, आणि मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले. सगळी पडवी साडेचोवीसवर आली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि, आता बरोबर, असं सांगितलं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मास्तर कुणाचं उत्तर बरोबर की चूक हे सांगत नसत. ज्याचं त्यानं दोघांना पटवायचं, मगच पाटी पुसायची. पोरांना वाटलं, मास्तरांना सगळं येतं म्हणूनच ते बोलत नाहीत.

लिहिण्याचंही असंच झालं. मास्तर गावाला परके, पारावर त्यांच्याशी कुणी दोन शब्द बोलेना, आणि त्यांना तर गावच्या बातम्यांची भारी आवड. म्हणून त्यांनी ठरवून दिलं की, शाळेत येताना जे दिसलं त्याची एक ओळ प्रत्येकानं आल्या आल्या धुळपाटीवर, धूळ पसरलेल्या फळीवर लिहायची, आणि दुसऱ्यानं आधी लिहिलेलं पुन्हा चालणार नाही. उशिरा येणाऱ्याला लिहायला काही उरेना, तेव्हा पोरं मास्तरांच्या आधी येऊन बसू लागली. 'चतुराबाईनं शेजारणीच्या गोवऱ्या आपल्या ढिगात घातल्या.' 'पाटलाच्या खोंडानं पाटलालाच पाडलं.' मास्तर शुद्धलेखन तपासत आणि मन लावून वाचत.

ही दुसरी ओळ राधाकिशन पाटलांच्या कानावर गेली. त्यांनी कचेरीत तक्रार करायचं ठरवलं. शाळेत दिवसभर कल्ला असतो, पोरं भांडतात नि मास्तर बसून ऐकतो, छडी म्हणून दिसत नाही, असं सगळं त्यांना कळवायचं होतं. पण गावात अर्ज लिहिण्यासारखा माणूस एकच होता. पाटील सांगत गेले आणि मास्तर लिहीत गेले. एके ठिकाणी पाटलांना शब्द सुचेना, तो मास्तरांनी सुचवला.

हा अर्ज मात्र कुणीतरी वाचला. पंधरा दिवसांत शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब घोड्यावरून आले. पाटील शेजारी बसले. साहेबांनी मास्तरांनाच फळ्यापुढं उभं केलं आणि नऊ औटे किती ते लिहून दाखवा म्हणाले. मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहिलं, साडेतीस.

पडवीत कुजबुज झाली. बंकट उठला. "मास्तर, कसं केलं ते सांगा की."

मास्तरांना सांगता येईना. मग सटवानं सांगितलं, नऊ त्रिक सत्तावीस आणि वर साडेचार, म्हणजे साडेएकतीस. साहेबांनी मुद्दाम साडेबत्तीस असेल म्हणून पाहिलं, तर पोरांनी त्यांनाही सोडलं नाही. साहेब खूश झाले. पोरांना बोलतं करायला मास्तर जाणूनबुजून चुकतो, असा गुरुजी आपण पाहिला नाही, असं ते पाटलांना म्हणाले.

"साहेब, मला खरंच येत न्हाई," मास्तर म्हणाले.

साहेब हसले आणि हा नम्रपणाही त्यांनी शेऱ्यात लिहिला.

दोन महिन्यांत मास्तरांची बदली झाली. नव्यानं मास्तर होणाऱ्यांना गणित शिकवायला त्यांना तालुक्याच्या गावी नेमलं. गावात त्यांच्या जागी आलेल्या गुरुजींना औटकी उलटीसुद्धा पाठ होती. उत्तर ते स्वतःच सांगत आणि छडी ठेवत. पडवीत आवाज म्हणून निघेना. पाटील म्हणाले, आता शाळा शाळेवानी वाटती. वर्षाअखेर पोरं अकरा उरली.

तालुक्याला मास्तरांनी तोच रिवाज चालवून पाहिला. पण समोर मिशा फुटलेले सोळा उमेदवार. कसं केलं, असं एकानंही विचारलं नाही. मास्तर जे फळ्यावर लिहीत ते सोळाही जण वहीत उतरवून घेत, आणि अक्षरसुद्धा गिरवत. त्या पहिल्या वर्षी ते काय काय उतरवून कुठकुठल्या गावांना गेले, या विचारानं मास्तरांना जेवण जाईना. शेवटी साखराबाईनं त्यांना समोर बसवलं. शिकलेली नव्हती, पण बापाच्या धान्याच्या मापावर तिनं औटकी बोटांवर केली होती. पावसाळाभर तिनं ती त्यांच्याकडून घोकून घेतली.

त्यानंतर मास्तर चुकले नाहीत. कुणी काही विचारायच्या आत उत्तर सांगू लागले. 'कसं केलंस' म्हणायची गरजच उरली नाही. वर्ग शांत असे. तशी त्यांनी चौदा वर्षं काढली, आणि आपण खरे मास्तर झालो ते या चौदा वर्षांत, असं ते शेवटपर्यंत समाधानानं सांगत.