मामांच्या वतीनं मी 'नाही' म्हणालो

ज्यांचं मी वाटोळं केलं त्यांचं नाव आधी — अंबादास मामा. कधी केलं? दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी साडेतीनला. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात, ऑफिसात बसून, मालकानं मागवलेला चहा पीत पीत. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेत नाही, घरी नाही. मामांना तर नाहीच.

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहितो. गेटवर वाटतो, वेळ आली तर ओरडून वाचतो. तुमच्याही हातात एखादं आलं असेल. लिहिताना मला खरोखर संताप येतो, तो नाटकी नाही. म्हणून तर ही गोष्ट जास्त घाण आहे.

मामा त्या कारखान्यात डिझाइन काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, एक घर म्हणजे एक धागा. कुठं धागा फार लांब मोकळा राहिला तर तो दोन धुण्यात ओढला जातो, टॉवेल वाया — हे त्यांना नुसता कागद बघून कळायचं. मग एआय आलं. मालकाच्या मुलानं दोन ओळी टाइप केल्या की टॉवेलवर काढायचे वीस मोर हजर. देखणे मोर, पण धाग्याची अक्कल शून्य.

डिझाइन खातं बंद होणार असं कळलं आणि आम्ही गेट अडवलं. आमच्यात एक रीत आहे. वाद चालू असताना मालक कामगाराशी थेट बोलत नाही, कामगारही त्याच्याकडे जात नाही. निरोप संघटनेच्या माणसाकडूनच जातो-येतो. एकेकाला गाठून फोडू नये म्हणून ही रीत, आणि ती चांगलीच आहे. तेव्हा निरोप न्यायचं काम माझ्याकडे होतं.

त्या सोमवारी मालक म्हणाला, कम्प्युटरची डिझाइनं तपासायला धागा कळणारा माणूस पाहिजे. मामांना महिनाभर शिकवतो आणि तिथंच बसवतो. त्यांना विचारून उद्या सांग.

विचारून. एवढंच तर काम होतं माझं!

मी म्हणालो, "मामा येणार नाहीत. तत्त्वाचा माणूस आहे."

कुणाचं तत्त्व? आठच दिवस आधी टपरीवर मामा मला म्हणाले होते, "ते कम्प्युटरचं तेवढं शिकव की रा मला. पोरं शिकतेत, मला काय शिंगं हायत?" मी हसून विषय बदलला होता. म्हणजे मला माहीत होतं — नीट माहीत होतं.

का केलं? कारण सांगतो, पण ते कारण म्हणूनच वाचा. सगळ्यांत जुना, सगळ्यांत मानाचा कारागीर मशीनशेजारी जाऊन बसला, तर मी पत्रकात काय लिहिणार होतो? आणि लिहायला काही उरलं नाही, तर मी कोण? त्याच आठवड्यात मी गुपचूप फोनवर एआयकडून एक पत्रक लिहून घेऊन बघितलं होतं. हुबेहूब माझ्यासारखं. मिनिटभरात. मग काय केलं मी? एआय वापरायला शिकून घेतलं! एक दुपार लागली. मी एका दुपारीत जी वाट काढली, तीच वाट मामांना मिळू दिली नाही.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "माझं काय बोलला का रे मालक?"

"नाही मामा. तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

"बरं," म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवसांनी पत्रक निघालं. वर मामांचा फोटो, खाली अवतरणात — 'या हातानं जन्मभर धागा मोजला, आता तो कुणाच्या बटणावर नाचणार नाही.' हे वाक्य मामांचं नव्हतं. माझंही नव्हतं. एआयनं चार दिली होती, मी तिसरं उचललं. मामांनी पत्रक वाचलं आणि म्हणाले, "मी कधी बोललो रा असं?" मी म्हणालो, लोकांना धीर येतो मामा. गेटवर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यानंतर ते तरी मागं कसे फिरणार? आणि मी?

डिझाइन खातं शेवटी बंद झालंच. डिझाइनं तपासायची ती खुर्ची बाहेरून आलेल्या एका मुलीला मिळाली. मामांना पॅकिंगला टाकलं. दिवसभर उभं राहून टॉवेलच्या घड्या घालायच्या.

तेव्हापासून मी अडकलोय. बोललो तर लोक संघटनेच्या हाती पुन्हा निरोप देतील का? मालकाला आयतं कोलीत. नाही बोललो तर — तर हेच, रोज. संघटनेत माझं कौतुक होतं, पत्रकं झकास असतात म्हणून. ती अजूनही कशी होतात ते कुणी विचारत नाही. आणि मामा मला घरी जेवायला बोलावतात. "मालकानं टाकलं, पण हा पोरगा मागं उभा राहिला," असं मामींना सांगतात. तो घास कसा गिळायचा? तरी मी गिळतो. दुसऱ्यांदा वाढूनही घेतो.

गेल्या महिन्यात पॅकिंगला गेलो होतो. मामांनी एक टॉवेल उलटा करून मोराच्या मानेवर बोट ठेवलं. "बघ, हितं धागा सुटणार. दोन धुण्यात."

"मालकाला सांगू?"

"कशाला? त्याला मी नको होतो की."

तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी त्या टॉवेलची घडी घालू लागलो. त्यानंतर तीनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हणून हे असं, छापून. हाही भेकडपणाच.

ते पत्रक तुमच्याकडे असेल तर फाडू नका. पेन घ्या, मामांच्या फोटोखालचं वाक्य खोडा आणि शेजारी लिहा — यांना कुणी विचारलंच नव्हतं.