दोन बोटं गवत

“सर, इळाच बरा हाय. एवढ्याशा गवताला मशीन कशाला?” लॉनवर उकिडवे बसलेले माळीमामा बाबांना सांगत होते. मी खिडकीत पुस्तक धरून ऐकत होते.

लातूरमध्ये बाबांचे क्लासेस जोरात होते आणि घरापुढचं लॉन येणाऱ्या पालकांसाठी होतं. मामा भूकंपात गाव पडल्यावर शहरात आलेले. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. कापण्याआधी ते गवतात दोन बोटं आडवी ठेवत आणि त्यांच्या वरून विळा फिरवत. “एवढं ठिवावं लागतंय, ताई. न्हाईतर ऊन बुडाला लागतंय,” असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

बाबांनी ऐकलं नाही. स्वतः वाकून त्यांनी नव्या मशीनचं पातं सगळ्यात खालच्या खाचेत बसवलं. “आता महिनाभर बघायला नको,” म्हणत त्यांनी मशीन मामांच्या हाती दिलं.

आठवड्यात लॉन पिवळं पडलं.

“या अडाण्याच्या हाती मशीन दिलं, हीच माझी चूक,” बाबा व्हरांड्यात पालकांना म्हणाले. मग मामांकडे वळून, “उद्यापासून येऊ नकोस.”

आजोबांच्या वयाच्या माणसाला! मामांनी विळा पोत्यात गुंडाळला आणि जाता जाता करपलेल्या गवतात दोन बोटं टेकवून पाहिली. बोटं उघडीच राहिली.

माझे कान तापले. इंग्रजी शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. मी पालकांसमोर व्हरांड्यात गेले.

“बाबा, पातं तुम्ही खाली केलंत. मामा तर मशीनच नको म्हणत होते.”