आत्याच्या फ्लेक्ससाठी आत्याचीच बोगनवेल

आत्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स नीट दिसावा म्हणून आत्याचीच बोगनवेल कापली.

आमच्याच बिल्डिंगच्या लोकांनी. प्रेमाने. आम्ही स्मशानातून परत यायच्या आत.

किळस आली. दुसरा शब्द सापडत नाही, शोधतही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुलभाआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण. नर्स. नोकरीची बरीच वर्षं ओमानात, वाळवंटातल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलमध्ये. रिटायर झाल्यावर लालबागला, आमच्याकडे. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याचा बीपीचा पट्टा ती जरा जास्तच आवळायची.

तिकडे क्वार्टरच्या भिंतीशी तिने बोगनवेल लावली होती. वाळू, खारं पाणी, भट्टीसारखा वारा. आणि आत्या पडली कोकणातली. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, ही लहानपणची सवय. तिथे तुळस काही टिकेना, म्हणून तो तांब्या बोगनवेलीला. रोज, नेमाने, हात जोडून.

वेल झाली हिरवीगार. फूल एक नाही.

मग गणपतीला ती रजेवर घरी आली. तीन आठवडे तिकडे वेलीला कुणी विचारलं नाही. परत गेली ती मेलेलं झाड उपटायच्या तयारीनेच. बघते तर निम्मी पानं गळलेली आणि अख्खी भिंत राणी कलरची.

"मी मेली रोज हात जोडून पाणी घालतंय, आणि तिका नकोच होता," असं सांगून ती स्वतःलाच हसायची.

इथे आल्यावर तिने गेटशेजारची पश्चिमेची भिंत निवडली. मे महिन्यात दुपारी हात टेकला तर चटका बसतो, अशी. झाड तिकडून जपून आणलेलं वगैरे काही नाही. दादरच्या नर्सरीतलं.

पावसाळा संपला की छाटणी, स्वतः, हातमोजे न घालता. त्यामुळे हातावर ओरखडे कायमचे. पाणी फक्त माती भेगाळली की. कुणी जाता जाता बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं, तर तिसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा,

"तिका पाणी घालू नको. माजतली."

मार्च लागला की गेटवरची कमान भरायची. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना आम्ही "वो फूलवाला गेट" एवढंच सांगायचो.

बिल्डिंगला ती वेल कधीच आवडली नाही. काटे लागतात, कचरा पडतो, फुलांना वास नाही, देवाला चालत नाहीत. दर मीटिंगला विषय.

सेक्रेटरीकाका म्हणायचे, "सिस्टर, ते जंगल काढा आता."

आत्या म्हणायची, "काढते. तुम्ही उद्यापासून बीपी बाहेर तपासा."

विषय संपायचा. कारण अख्ख्या बिल्डिंगचं बीपी, शुगर, इंजेक्शनं, म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं, सगळं हिच्याच हातून. फुकट, आणि वर शिव्यांसकट.

म्हणजे ती असेपर्यंत कुणाची हिंमत नव्हती. ती गेली त्याच दुपारी झाली.

आणि फ्लेक्स तरी कसला.

फोटो माझ्या स्टेटसवरून उचललेला, आत्या वेलीखाली उभी आहे तो. मागची वेल पुसून तिथे निळे ढग टाकले. खाली रांगेने हात जोडलेले शोकाकुल. वर एक भावी नगरसेवक, आत्याच्या दुप्पट आकाराचा. त्याला आत्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "काका, हे काय केलंत?"

"अगं, तिच्यासाठीच ना. झाडामुळे फ्लेक्स झाकला जात होता. साहेबांचा फोटो अर्धाच दिसत होता."

"आणि वेल?"

"झाडच ते. पुन्हा येतं. वॉचमनला सांगितलंय, रोज दोन बादल्या घाल म्हणून."

तोंडून जे आलं असतं ते त्या दिवशी शोभलं नसतं.

कापलेल्या फांद्या गेटबाहेर पडल्या होत्या, भर फुलांत, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. भेटायला आलेली माणसं त्या तुडवत वर आली आणि मला म्हणाली, "किती जीव लावायची गं झाडांना."

पाणी दिलं मी त्यांना. ग्लास आपटून.

तोंडावर भांडणारी माणसं परवडली. आत्याशी भांडलेली किती तरी माणसं मला आवडतात. हे हात जोडून कुऱ्हाड चालवणारे मात्र नकोत. ह्यांचं दुःखसुद्धा हाताला चिकटतं.

फ्लेक्स दहाव्यालाच उतरला. त्या जागी साहेबांच्या वाढदिवसाचा लागला. आता तिथे कायमची लोखंडी फ्रेम बसवायची आहे आणि त्यासाठी उरलेलं खोडही काढायचं ठरलंय. एकमताने. आमच्या घरात सुतक असताना मीटिंग घेऊन.

काल तेरावं झालं. सगळे जेवून गेल्यावर मी खाली गेले. खोडाची साल नखाने जरा खरवडली. आत हिरवं आहे.

वॉचमनला बादल्या बंद करायला सांगितल्या. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, सेक्रेटरी चिल्लाएगा." म्हटलं, माझ्याकडे पाठव.

आज दुपारी वेल्डिंगवाला आला. मी घरातली फोल्डिंगची खुर्ची खाली नेली, खोडाला चिकटून मांडली आणि बसले. ऊन रणरणत होतं. सेक्रेटरीकाका दोनदा येऊन गेले.

"असं काय करतेस? चक्कर येईल."

"येऊ दे."

"लोक बघतायत गं."

"बघू देत की."

शेवटी वेल्डिंगवाल्याने सामान उचललं. उद्या येतो म्हणाला.

आत्या, तुझ्यासाठी ते ठरलेले दोन शब्द मी लिहिणार नाही. ते फ्लेक्सवर छापून झाले.

तू जा सुखाने.

मी बसलेय इथे.