बोईसरची जुनी बाजारगल्ली

मस्कतला निघाले तो बाजाराचा दिवस होता, म्हणून आईने मला सातपाटीच्या घरातून नव्हे, बोईसरच्या जुन्या बाजारगल्लीतून निरोप दिला. सुक्या बोंबलांच्या पाट्यांमागे ती बसली होती. माझ्या नव्या साडीला वास लागेल म्हणून तिने मला जवळही घेतलं नाही. "रडू नको," म्हणाली. "तू रडलीस तर मला गिऱ्हाईक टाकून उठायला लागंल."

मस्कतमध्ये मी सुपरमार्केटात ट्रॉली ढकलायला आणि एसीच्या गारव्यात मुकाट्याने बिल भरून बाहेर पडायला शिकले. आई फोनवर गल्लीची खबर द्यायची; दरवेळी ती आखूड होत गेली. मुख्य रस्त्यावर मोठी दुकानं आली, मग सामान मोबाइलवरून घरपोच येऊ लागलं. कासाराने शटर ओढलं, समोरचा शिंपी मुलाकडे वसईला गेला. लॉकडाउननंतर आईही घरी बसली. "आता तिकडं कोण येत नाय," एवढंच सांगून तिने बाजाराचा विषय बंद केला. माणसांत बसून हयात गेलेली बाई दिवसभर गप्प असायची, आणि मी एवढ्या लांबून नुसती विचारपूस करत होते.

गल्ली परत उघडली ती वैशालीने, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने. ती मूळची जळगावकडची. वडील इथल्या कारखान्यात, त्यामुळे वाढली बोईसरलगतच्या सालवडला. लग्नाआधी तिने मासळीला हात लावला नव्हता. पण कामगारांच्या बायका कधी मोकळ्या होतात, हे तिला ठाऊक होतं. तिने संध्याकाळी बसायचं ठरवलं. भावाला हाताशी घेऊन तुंबलेलं गटार उपसलं, दिवे लावले आणि डोकी-शेपट्या काढलेले बोंबील मांडले.

आईला ते पटेना. साफ करून विकलं तर गिऱ्हाइकाने घरी जाऊन करायचं काय, असा तिचा सवाल.

सुरुवातीला वैशाली एकटीच बसायची. मग एका कामगाराच्या बायकोने विचारलं, "भाभी, कल भी बैठोगी ना?" वैशाली हो म्हणाली आणि तो शब्द तिने पावसापाण्यातही पाळला. तिचं बघून कासाराच्या सुनेने शटर उघडलं. शिंपी परत आला. एका संध्याकाळी आई कुणाला न सांगता रिक्षाने येऊन उभी राहिली. "सरक," सुनेला म्हणाली. "भाव करायला तुला जमत नाय."

यंदा मी गेले तेव्हा गल्लीत चालायला वाट नव्हती. पाट्यांमागे सासू-सून खांद्याला खांदा लावून बसलेल्या, आई नव्या गिऱ्हाईक बायकांना मोडक्या हिंदीत कालवण कसं करायचं ते सांगत होती. मी कौतुकाने बघतच राहिले. तेवढ्यात आई चहाला उठली आणि वैशालीने तराजू माझ्या हातात दिला. "ताई, बसा जरा. मी दळण घेऊन येते."

लगेच गिऱ्हाईक आलं. मला भाव ठाऊक नव्हता. समोरून शिंप्याने मशीन न थांबवता तो सांगितला.

गाव सोडून गेलेल्यांनो, आणि मागे राहिलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं ते मला त्या संध्याकाळी कळलं. तिथे मला कुणी पाहुणी म्हणून खुर्ची दिली नाही, काम सांगितलं. मी पदर खोचला आणि बसले.